इंजिनावरचा नवा रंग आणि पुसली गेलेली साक्ष

(थ्रेड)

१/ अमेरिकेतील घरोघरच्या गॅरेजांत गेली कित्येक दशके एक विधी चालत आला आहे. जुन्या गाडीचे इंजिन बाहेर काढायचे, वायर ब्रशने खरवडून लख्ख करायचे, वर नारिंगी रंगाचे दोन-तीन हात मारायचे, क्रोमची झाकणे बसवायची आणि अभिमानाने सांगायचे की गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी झाली. या एका विधानात दोन असत्ये आहेत. कारखान्यातून ती तशी कधीच निघाली नव्हती; आणि ती कशी निघाली होती हे सांगणारा साक्षीदार नुकताच थिनरच्या डब्यात विरघळला आहे.

२/ हा वाद रंगाविरुद्ध नाही. बिडाचे इंजिन उघडे ठेवले तर गंजते, त्याला रंग लागतोच. आक्षेप आहे तो न वाचता पुसण्यावर. जुन्या इंजिनाचा पृष्ठभाग हा कागदपत्रांच्या दप्तरासारखा एक ऐतिहासिक पुरावा आहे, आणि हौसेच्या नावाखाली तो दर रविवारी नष्ट होतो. ज्यांच्या हातून होतो ते बहुधा इतिहासावर मनापासून प्रेम करणारे असतात, हे या प्रकरणातले खरे दुःख.

३/ उदाहरण म्हणून एकच इंजिन घेऊ: शेव्हरोलेचे १९५५ सालचे छोटेखानी व्ही-८, ज्याला जगभर 'स्मॉल ब्लॉक' म्हणतात. एड कोल या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते घडले. पहिली क्षमता २६५ घनइंच. १९५७ साली २८३ घनइंच. त्याच वर्षी इंधन फवारणाऱ्या यंत्रणेसह त्याने २८३ अश्वशक्तीचा आकडा गाठला, म्हणजे दर घनइंचाला एक. कॉर्व्हेट या गाडीची कीर्ती या इंजिनाने घडवली.

४/ कॉर्व्हेटची जन्मकथा थोडक्यात अशी. १९५३ साली मिशिगनमधील फ्लिंट येथे पहिल्या ३०० गाड्या बनल्या, सर्व पांढऱ्या, आणि त्यांत सहा सिलिंडरांचे इंजिन होते. पुढच्या वर्षीपासून जुळणी मिसुरीतील सेंट लुइस येथे गेली व १९८१ पर्यंत तिथेच राहिली. स्मॉल ब्लॉक मात्र फ्लिंटमध्ये बनून, तिथेच रंगून सेंट लुइसला येई. इंजिन एका गावचे, गाडी दुसऱ्या गावची. हा प्रवास इंजिनाच्या अंगावर लिहिलेला असतो.

५/ फ्लिंटमध्ये रंग कसा लागे? सुटे भाग वेगवेगळे रंगवून नंतर जोडले जात नसत. इंजिन जोडून झाले की त्यावर नारिंगी फवारा मारला जाई. म्हणून गॅस्केटच्या कडाही नारिंगी, बोल्टची डोकीही नारिंगी. ॲल्युमिनियमचे भाग झाकले जात, तरी त्यांच्या काठांवर शिंतोडे उडत. अनेक इंजिनांवर तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही रंग पडे आणि गाडी थोडी चालताच तो जळून जाई.

६/ हे शिंतोडे म्हणजे दोष नव्हेत. ती कामाच्या क्रमाची नोंद आहे. कोणता भाग आधी बसला, कोणता रंगानंतर बसला, कामगाराचा हात कुठून कुठे फिरला, कुठे पोचला नाही, हे त्यावरून कळते. फवाऱ्याखाली न आलेला एखादा कोपरा सांगतो की तिथे त्या क्षणी काहीतरी आड होते. उत्पादनाच्या पुस्तकात हे सापडत नाही. कारखान्यातील कामगार आत्मचरित्रे लिहीत नाहीत. त्यांच्या हाताची अक्षरे अशीच वाचावी लागतात.

७/ घरी रंगवणारा काय करतो? प्रत्येक भाग सुटा करतो, वेगळा रंगवतो, चकाकी येईपर्यंत घासतो आणि मग स्वच्छ गॅस्केट व चकचकीत बोल्टांनी जोडतो. परिणाम डोळ्यांना सुखावतो. पण त्या इंजिनाने सांगितलेला क्रम आता उलटा झालेला असतो: आधी रंग, मग जोडणी. पुढच्या पिढीतला अभ्यासक त्याच्याकडे पाहून फ्लिंटविषयी जो निष्कर्ष काढील, तो साफ चुकीचा असेल.

८/ आता अक्षरांकडे वळू. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या अगदी पुढे, एक छोटी सपाट पट्टी असते. तिच्यावर ठोकलेले असते: कारखान्याचे अक्षर (फ्लिंटसाठी 'एफ', पुढे 'व्ही'), जुळणीचा महिना व दिवस, आणि शेवटी इंजिनाची शक्ती व गिअरबॉक्सचा प्रकार सांगणारी अक्षरे. साठच्या दशकात त्याच पट्टीवर गाडीच्या क्रमांकाचा भागही ठोकला जाऊ लागला. हा त्या इंजिनाचा जन्मदाखला.

९/ दुसरी नोंद ब्लॉकच्या मागच्या कडेला, ओतकामातच उमटलेली. 'ए' ते 'एल' या अक्षरांनी जानेवारी ते डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'सी १४ ७' म्हणजे मार्चची १४ तारीख आणि ७ ने संपणारे वर्ष. १९५७ की १९६७? हे ओतकामाच्या क्रमांकाशी ताडून ठरवावे लागते. नुसती तिथी देणाऱ्या पत्राचे साल मजकुरातील व्यक्तींवरून ठरवावे, तसेच हे काम आहे.

१०/ या दोन नोंदींची सांगड घालणे म्हणजे शुद्ध साधनचिकित्सा. ओतकाम आधी, इंजिनाची जुळणी नंतर, गाडीची जुळणी त्याहून नंतर. गाडी एप्रिलची आणि तिच्यातील ब्लॉक त्याच वर्षीच्या जूनमध्ये ओतलेला, असे निघाले तर ते इंजिन त्या गाडीचे मूळ इंजिन असूच शकत नाही. जन्मापूर्वीचे दानपत्र जसे बनावट ठरते, तसेच.

११/ आणि बनावटीला कारण आहे. १९६७ साली एल-८८ या तगड्या इंजिनाच्या कॉर्व्हेट अवघ्या २० बनल्या. त्यांपैकी एक २०१४ च्या लिलावात ३८ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. 'मूळ इंजिन' या दोन शब्दांची किंमत अशी असल्यावर जुनी अक्षरे घासून नवी ठोकणारे हात निर्माण होणारच. दानपत्रे आणि सनदा ज्या कारणाने बनावट होत, त्याच कारणाने हेही होते.

१२/ बनावट पकडायची कशी? ब्लॉकची वरची बाजू कारखान्यात यंत्राने कापली जाई, तेव्हा त्या पट्टीवर बारीक समांतर रेषा उमटत. अक्षरे या रेषांवर ठोकलेली असतात. रेषा शाबूत आणि अक्षरे त्यांना छेदणारी, तर विश्वास ठेवायला जागा आहे. रेषाच नाहीशा झालेल्या असतील तर संशय. म्हणजे साक्ष अक्षरांत जितकी आहे, तितकीच अक्षरांखालच्या ओरखड्यांत.

१३/ आणि नेमके हेच ओरखडे हौशी माणसाचा वायर ब्रश, ड्रिलला लावलेले घासणीचे चाक किंवा पॉलिश पेपर काही मिनिटांत पुसून टाकतो. त्याचा हेतू निर्मळ असतो: रंग नीट धरावा. पण त्या क्षणानंतर प्रामाणिक मालकाचे इंजिन आणि भामट्याचे इंजिन यांत फरक करणे अवघड होते. बनावटकाराला ज्या कामासाठी कष्ट घ्यावे लागतात, ते काम निष्पाप हौस फुकट करून देते.

१४/ सजावटीचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. कॉर्व्हेटचे शरीर फायबरग्लासचे. धातूचे बॉनेट इंजिनातील ठिणग्यांमुळे उठणारा विद्युत गोंगाट बऱ्याच अंशी अडवते. फायबरग्लास अडवत नाही, आणि रेडिओ खरखरू लागतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर व स्पार्क प्लगच्या वायरींवर धातूची आवरणे बसवली जात. ती क्रोमची, देखणी. पण ती शोभेसाठी नव्हती, आणि रेडिओ न मागवलेल्या गाडीत ती नसतच.

१५/ आज कोणी शोभा म्हणून बिनरेडिओच्या गाडीवर ही आवरणे चढवतो. एका मालकाने गाडी घेताना रेडिओ नाकारला होता, ही नोंद तिथेच मिटते. कदाचित त्याला शर्यतीसाठी हलकी गाडी हवी असेल, कदाचित पैसे कमी पडले असतील. ही माणसे इतिहासात क्वचितच दिसतात. दिसतात ती अशाच एखाद्या रिकाम्या जागेतून, आणि रिकामी जागा भरून काढणे हा सजावटीचा स्वभावच आहे.

१६/ टॅपेट कव्हरचेही तेच. जास्त शक्तीच्या इंजिनांवर ॲल्युमिनियमची, पन्हाळी धारांची कव्हरे येत. साध्या इंजिनावर पत्र्याची, इंजिनाबरोबरच नारिंगी रंगलेली. घरी सजवताना साधी कव्हरे जातात भंगारात आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियम येते. कारखान्यात जे इंजिन सामान्य ग्राहकासाठी बनले, ते सरदाराचा पोशाख चढवून उभे राहते. अशी सगळीच साधी इंजिने सरदार झाली तर त्या काळातील सामान्य ग्राहक कुठे शोधायचा?

१७/ रंगाचीही तारीख असते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शेव्हरोलेची इंजिने नारिंगी राहिली नाहीत. मूळ कंपनीने निळा रंग आणला. तरी '७८ सालच्या इंजिनालाही नारिंगीच हवा, असा आग्रह गॅरेजांत दिसतो, कारण 'शेव्हरोले म्हणजे नारिंगी'. स्मृतीने पुराव्यावर केलेली ही कुरघोडी मराठी वाचकांना नवी नाही. चित्रपटातील पेहरावावरून शतक ठरवणारे लोक इथेही आहेत.

१८/ मोडी कागद हाताळणाऱ्यांनी क्षणभर कल्पना करावी. पेशवेकालीन पत्राची शाई फिकट झाली आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. कोणी प्रेमाने त्यावर काळ्या शाईने अक्षरे गिरवली, डाग ब्लीचने काढले, कडा सरळ कापल्या आणि सोनेरी किनार लावली. पत्र सुंदर दिसेल. पण शाई कोणती होती, हात कोणाचा, शिक्का नंतर उमटला की आधी, हे सारे गेले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली ती अशा कागदासाठी नव्हे.

१९/ पहिला प्रतिवाद: 'गाडी माझी, पैसा माझा.' कायद्याच्या दृष्टीने बिनतोड. वाड्याचे दप्तरही वाड्याच्या मालकाचेच होते, आणि त्याने ते बंबात घातले तेव्हाही त्याचा हक्कच होता. मालकी नष्ट करण्याचा अधिकार देते. नष्ट केल्यावर त्याला 'जतन' म्हणण्याचा अधिकार देत नाही. ज्याला चकाकी हवी त्याने चकाकी आणावी, फक्त तिला इतिहास म्हणू नये.

२०/ दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार: गंज. गंज हा पुरावा जपत नाही, खातो. म्हणून काहीच न करणे हे उत्तर नव्हे. पण गंज थांबवणे आणि सारे खरवडणे यांत बरेच अंतर आहे. जिथे रंग धरून आहे तिथे ग्रीस व तेलकट मळ सौम्य द्रावणाने काढून थांबता येते. जिथे बीड उघडे पडले आहे तिथेच उष्णता सोसणारा रंग लावता येतो. रेतीचा मारा तर यांत्रिक दृष्टीनेही घातक: तेलाच्या वाटांत अडकलेला एकेक कण पुढे बेअरिंग खातो.

२१/ तिसरा प्रतिवाद गमतीदार आहे: 'कारखान्याने स्वतःच गबाळेपणाने रंगवले, मग एवढे सोवळे कशाला?' या तर्काचे उत्तर अमेरिकन संग्राहकांनीच दिले. १९७४ साली कॉर्व्हेट पुनरुज्जीवकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षणाचा निकष 'किती सुंदर' हा नसून 'कारखान्यातून जशी निघाली तशी' हा आहे. मूळपेक्षा अधिक चकाकी असेल तर गुण कापले जातात.

२२/ हा निकष मोलाचा, पण त्याचीही सावली पडली. गुण मिळावेत म्हणून लोक कारखान्याचा गबाळेपणा हुबेहूब वठवू लागले: मॅनिफोल्डवर मुद्दाम शिंतोडे, निरीक्षकाच्या खडूच्या खुणा आपल्याच हाताने. चकचकीत इंजिन निदान आपण नवे आहोत हे लपवत नाही. नकली शिंतोडे मात्र न घडलेल्या क्षणाची साक्ष देतात. पहिला अपराध पुरावा पुसण्याचा. दुसरा खोटा पुरावा रचण्याचा. इतिहासाच्या दरबारात दुसऱ्याची शिक्षा मोठी असते.

२३/ इथे एक न्याय्य शंका उभी राहते. सजवणे हाही इतिहासच नाही का? आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्यांवर ॲल्युमिनियमची हेडे आणि जादा कार्ब्युरेटर चढवले. १९४८ पासून त्यांचे स्वतःचे 'हॉट रॉड' नावाचे मासिक निघू लागले. त्या काळात चढलेला क्रोम हा त्या पिढीचा दस्तऐवज आहे. तो उतरवून इंजिन 'मूळ' रूपात नेणे हाही विध्वंसच.

२४/ म्हणून प्रश्न 'कारखाना की सजावट' असा नाही. खालचा थर वाचल्याशिवाय वरचा चढवू नये, आणि वरचा वाचल्याशिवाय काढू नये, एवढेच म्हणणे आहे. हा वाद गाड्यांहून जुना आहे. १८७७ साली इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती जीर्णोद्धाराच्या नावाने चर्चच्या भिंती खरवडणाऱ्यांविरुद्ध. तिला टोपणनावच 'खरवडविरोधी' असे पडले.

२५/ (हे मॉरिस कवी व कारागीर. मॉरिस मोटर्सचे विल्यम मॉरिस वेगळे. त्यांच्या कंपनीच्या ऑक्सफर्ड गाडीपासून पुढे भारतात अँबेसेडर आली. नावाचा हा योगायोग या विषयाला शोभणारा आहे.)

२६/ १९६४ च्या व्हेनिस सनदेने हीच भूमिका वास्तूंसाठी मांडली. तिच्या आधारे ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फीव्हाने, २०१२ साली ट्युरिन सनद मंजूर केली. तिचे सार: हस्तक्षेप कमीत कमी, प्रत्येक टप्प्याची नोंद, आणि बदललेल्या भागांवर कायमची ओळखखूण. भावी अभ्यासकाला जुने व नवे वेगळे ओळखता आले पाहिजे, इतकी साधी ही मागणी आहे.

२७/ आणि रुची बदलते आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीचचे प्रदर्शन म्हणजे अनेक वर्षे निर्दोष चकाकीची पंढरी. २०२४ साली तिथले सर्वोच्च पारितोषिक १९३४ सालच्या एका बुगाटी टाइप ५९ ला मिळाले. ही गाडी पुनरुज्जीवित नव्हती, काळाच्या खुणांसह जपलेली होती. अशा गाडीला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. जुना रंग हे दारिद्र्याचे लक्षण नाही, हे श्रीमंतांच्या जत्रेनेही अखेर मान्य केले.

२८/ भारतात याचा संबंध काय? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी-चारचाकी या वर्गात येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नुसत्या रंगाने हा दर्जा जात नाही. पण 'मूळ स्वरूप' हे शब्द आता कायद्यात आहेत, आणि त्यांना पुरावा लागणार.

२९/ मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात बनलेल्या प्रीमियर गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. फियाटच्या आराखड्याचे त्यांचे १०८९ सीसीचे इंजिन अनेक घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. आजोबांची गाडी नातू बाहेर काढतो, आणि पहिली गोष्ट आणतो ती स्प्रेचा डबा. कुर्ल्याच्या कामगारांनी ती कशी जोडली, याची साक्ष कदाचित त्याच मळाखाली आहे.

३०/ मग करावे काय? ब्रश उचलण्याआधी प्रत्येक बाजूचे भरपूर उजेडात फोटो. सर्व अंक-अक्षरांची नोंद. ठोकलेल्या पट्टीला धातूचा ब्रश वा पॉलिश पेपर लावायचाच नाही. जुन्या रंगाचे थर एखाद्या आडोशाच्या जागी एकेक करून उघडून पाहावेत आणि त्यांचा क्रम लिहून ठेवावा. मूळ रंगाचा एक हातभर नव्हे, तळहाताएवढा तुकडा तरी न रंगवता राखावा. काढलेला प्रत्येक बोल्ट व झाकण चिठ्ठी लावून पिशवीत.

३१/ आणि शेवटी एक वही. कोणत्या तारखेला काय काढले, काय लावले, कोणत्या छटेचा रंग, का. ही वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी. एवढे केल्यावर इंजिन खुशाल रंगवावे, क्रोमही चढवावा. तेव्हा नवा रंग हा खोटेपणा राहत नाही. इंजिनाच्या चरित्रातील आणखी एक प्रकरण होतो, आणि त्या प्रकरणाखाली लेखकाची सही व तारीख असते.

३२/ किल्ल्यावर नावे कोरणाऱ्यांवर तरुण इतिहासप्रेमी संतापतात, ते योग्यच. त्या कोरणाऱ्याला दगडाची किंमत ठाऊक नसते. ज्याला इंजिनाची किंमत ठाऊक आहे, ज्याने त्यासाठी रात्री जागवल्या आहेत, त्याच्याकडून अपेक्षा अधिक असणार. पन्नास वर्षांनी कोणी ते बॉनेट उघडील, तेव्हा त्याला चकाकीत स्वतःचाच चेहरा दिसावा की फ्लिंटच्या, कुर्ल्याच्या कामगाराचा हात, हे आज डबा हलवणाऱ्याने ठरवायचे आहे.

#इतिहास #साधनचिकित्सा #थ्रेड